एकवीसमधले मुके

आमचा बॅण्ड एकवीस माणसांचा होता आणि एकवीसच्या एकवीस माणसं वाजवणारी होती. हे आधी लिहून ठेवते, कारण शेवटी जे झालं त्यावरून धुळ्यातले लोक म्हणतात की ती माणसं पहिल्यापासूनच फसवी. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या लग्नात माझ्या नवऱ्याने पितळी कॉर्नेट वाजवलाय. पोरगी सासरी निघाली की तो असा सूर लावायचा की बाप्ये खांबाआड जाऊन नाक पुसायचे. तीच नाकं आता वर करून बोलतात.

दुसऱ्या बॅण्डांत काय चालायचं ते मला माहीत होतं. गिऱ्हाईक माणसं मोजून बॅण्ड ठरवतं. अकराचा, पंधराचा, एकवीसचा. वाजवणारे कमी पडले की मालक बाजारातून मजूर धरून आणतो, कोट-टोपी चढवतो, हातात एखादा फुटका भोंगा देतो आणि सांगतो, तोंडाला लाव, गाल फुगव, फुंकू नको. लांबून एकवीस दिसतात. अशांना आम्ही घरात मुके म्हणायचो. आमच्या बॅण्डात एक मुका नव्हता.

आम्ही शिंदखेड्याकडचे. नवरा धुळ्यात एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादाकडे शिकला. उस्ताद इंग्रजांच्या पलटणीच्या बॅण्डात वाजवून आलेला. सूर चुकला की बोटांवर छडी मारायचा आणि मग स्वतःच्या हाताने चहा करून पाजायचा. माझ्या माहेरी हे लग्न कुणाला आवडलं नव्हतं. आम्ही बौद्ध. आमच्या लोकांनी दुसऱ्यांच्या दारात वाजवणं सोडून दिलं होतं. काका माझ्या बापाला म्हणाला, "आपन वाजाडानं सोडं, आनि तू पोर वाजाडनाराले दिधी."

हे नवऱ्याच्या कानावर गेलं. तो रागावला नाही. म्हणाला, "मी कोनाच दारमा जात नही. लोके मना दारमा येतस, तारीख मांगाले."

आणि येत होते. ऐंशीनंतरची ती वर्षं. रेडिओवर नवं गाणं लागलं की तो जेवता जेवता थांबायचा, त्याची बोटं ताटाच्या कडेवर चालायची, आणि चार दिवसांत ते गाणं धुळ्याच्या रस्त्यावर वाजायचं. सावद्याच्या एका केळीवाल्याने आमचा बॅण्ड मोकळा नाही म्हणून पोरीच्या लग्नाची तारीख बदलली. भटजी कुरकुरला, तर केळीवाला म्हणाला, मुहूर्त दुसरा मिळेल. चौदा एप्रिलला मात्र कुणी कितीही मोठा येवो, आम्ही जयंतीच्या मिरवणुकीत.

मी चौथी शिकलेली. बॅण्डात एवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ठरलेल्या लग्नांच्या तिथींची वही माझ्याकडे. एका तिथीला एक पान, एका पानावर एकच नाव. लाल कोट आणि पांढऱ्या पँटी मीच धुवायचे. लग्नसराईत हातांची सालं निघायची. कुणी कधी म्हटलं नाही की ह्या बाईचाही बॅण्डात हिस्सा आहे. मीही म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं.

धाकटा दीर आधी साईड ड्रम वाजवायचा. त्याचा आवाज बरा होता म्हणून नवऱ्यानेच त्याच्या हातात माईक दिला. मग हातगाडी आली, गाडीवर कर्णे आले, कीबोर्ड आला. पाटीवर दिराचा काळ्या चष्म्यातला फोटो रंगवून आला. नवऱ्याचं चित्र कुठेच नाही. मी विचारलं तर रंगाऱ्याला जागा पुरली नाही म्हणे. चष्म्याला बरी जागा पुरली.

एकदा दीर माझ्या ओट्यावर बसून सांगायला लागला. कीबोर्डवाल्याकडे विलायतेतल्या एका बॅण्डची कॅसेट होती, वर लांब केसांच्या चार पोरांचा फोटो. त्यानेच दिराच्या डोक्यात काहीबाही भरवलं होतं.

"वहिनी, तो बॅण्ड ज्यानी सुरू करा ना, त्यालेच त्यास्नी काढी टाकं. तरी बॅण्ड चालना. आखो मोठा व्हयना."

"मंग?"

"मंग काय. मानूस जास, नाव ऱ्हास."

"त्या काढेल मानूसनी बायकोले कोनी इचारं का?"

दीर हसला. मी हसले नव्हते. नवरा आत आरशासमोर दाढी करत होता. त्याने सगळं ऐकलं आणि दाढी करत राहिला. त्याचाही मला राग आहे.

तोवर त्याचे पुढचे दात हलायला लागले होते. तंबाखू. मी डबी किती वेळा उकिरड्यावर फेकली, तो तितक्या वेळा शोधून आणायचा. कॉर्नेट ओठांनी वाजतो असं लोकांना वाटतं. ओठांना मागून दातांचा आधार लागतो. दात गेले की वरचा सूर गेला. त्याने एक अख्खी लग्नसराई तोंडाच्या कोपऱ्यातून फुंकून काढली आणि मला सांगितलं नाही. भाकर दुधात कुस्करून खायला लागला तेव्हा विचारलं, तर म्हणे पोटाला हलकं बरं.

मग धुळ्यात भर चौकात एका वरातीत वरचा सूर फाटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दिराने माईकवरून लगेच गाणं उचललं आणि पुढे रेटून नेलं. लोक म्हणाले, भावाने भावाची अब्रू राखली. मी म्हणते, जागा घेतली. पुढचे चारही दात काढावे लागले. कवळी बसवली, पण कवळीवर त्याचा कॉर्नेट वाजेना.

दिराने त्याला मास्तर केलं. म्हणजे पुढे चालायचं आणि काठी हलवायची. एका हंगामानंतर तीही काठी एका उंच पोराला दिली, कारण तो फोटोत चांगला दिसतो. नवरा घरी बसला. त्याच वर्षी दीर वही मागायला आला. तिथी एक आणि लग्नं दोन घ्यायची होती त्याला.

"बठ्ठा धुळामा आपलंच नाव शे, वहिनी. काबर सोडानं?"

"मानसं एकवीस शेतस. अर्धा करशी?"

"भरती करू ना. कोट घाला का बठ्ठा वाजाडनाराच दिखतस."

"मना पानवर एकच नाव लिखास," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले असताना वही गेली. नवऱ्याने कपाटातून काढून स्वतःच्या हाताने दिली होती. मी भांडले. दोन दिवस चूल पेटवली नाही. तो म्हणाला, बॅण्ड त्याना शे आते. जसं काही गोठ्यातून वासरू नेलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो म्हणाला, शिंदखेड्याकडे एका गावात नवा बॅण्ड निघालाय, पोरांना शिकवायला बोलावलंय. दोन दिवस जायचा, यायचा, परत जायचा. मिशी काढली. विचारलं तर म्हणे उकडतं. परतला की जरा बरा दिसायचा, जेवायचा. मला वाटलं, चला, माणूस मार्गाला लागला. त्याला मी चटणी-भाकर बांधून द्यायचे. मूर्ख मी.

जळगावला माझी बहीण दिलेली आहे. तिच्या शेजाऱ्याच्या पोराचं लग्न होतं, मला बोलावलं. नवरदेवाचा काका डाळ मिलवाला. सगळे त्याला नाना म्हणायचे. बॅण्ड त्यानेच ठरवला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, धुळ्याचा बॅण्ड आणलाय, एकवीस माणसं आहेत, मोजून घ्या. तो आमचाच बॅण्ड होता.

भर दुपारी वरात निघाली. दीर हातगाडीवर माईक धरून. मागे तीन ओळी लाल कोट. आवाज ऐकला आणि कळलं, हा एकवीस माणसांचा आवाज नाही. कर्ण्यांच्या जोरावर चाललंय. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि पँटी बघायला लागले.

फुंकणाऱ्याच्या भोंग्यात पाणी जमतं, वाफेचं आणि थुंकीचं. गाणं जरा थांबलं की तो भोंगा वाकडा करतो आणि पाणी झटकतो. ते उजव्या पायावर पडतं. पांढऱ्या पँटीवर गुडघ्याखाली डाग राहतो, तो डाग घासून माझी बोटं गेली आहेत. गाल कुणालाही फुगवता येतात. पाणी खोटं झटकायचं मजुराच्या डोक्यात येत नाही. मी एकेक बघत गेले. ज्याने झटकलं नाही तो मुका. शेवटच्या ओळीत पलीकडच्या टोकाला एकजण मोठ्या भोंग्यामागे होता, त्याचं तोंड दिसत नव्हतं. पण कळांवर बोटं बरोबर चालत होती आणि गाणं थांबताच त्याने पाणी झटकलं. त्याला सोडून पुढे मोजलं. आठ मुके निघाले.

नाना माझ्याजवळूनच चालला होता.

"नाना, तुमच्या एकवीसमध्ये आठ मुके आहेत."

"म्हणजे?"

"आठ जण फुंकत नाहीत. नुसते उभे आहेत."

"अक्का, तुम्हाला काय कळतं बॅण्डातलं?"

"ह्याच बॅण्डाचे कपडे धुतलेत मी. खरं-खोटं करायचं तर एकेकाला वाजवायला सांगा."

मला वाटलं, बडबड करेल आणि जाईल. पण तो डाळ मिलवाला, खडा निवडणारा माणूस. त्याने भर रस्त्यात वरात थांबवली. ढोलवाले बाजूला केले आणि म्हणाला, "एकेकाने पुढे या. वाजवा." दिराने माईक खाली ठेवला. पहिले तिघे वाजवून गेले. चौथा मजूर होता. त्याने जोर करून फुंकलं, नुसती हवा निघाली आणि लोक खदखदले. नवरदेव घोड्यावर घाम पुसत होता. तो म्हणाला, "नाना, लग्न झाल्यावर परीक्षा घेतली तर नाही का चालणार?"

असे आठ मजूर एका बाजूला निघाले. शेवटी मोठ्या भोंग्यावाला पुढे आला. माझा नवरा होता.

त्याने भोंगा तोंडाला लावलाच नाही. आपल्या पायाने चालत मुक्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. नाना म्हणाला, "हा म्हातारा पण?" दीर दोन हात अंतरावर उभा होता. हा माझा मोठा भाऊ आहे, बॅण्ड ह्याने उभा केला, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही. दिवसभर माईकवर ओरडणारं तोंड. आणि मी? मीही नाही बोलले. आठ मुके म्हणून सांगायला माझी जीभ चालली, हे सांगायला चालली नाही. दिराला शिव्या देते तेव्हा हे मला आठवतं, म्हणून शिव्या जास्तच देते.

मुहूर्त चुकायला नको म्हणून बारा जणांवर वरात पुढे गेली. ही गोष्ट आठ दिवसांत जळगावहून धुळ्याला पोचली आणि दोन लग्नसराईंत बॅण्ड संपला. लोक मला दोष देतात. देऊ देत.

त्या दुपारी वरात गेल्यावर नऊजण रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसले होते, कोटाची बटणं सोडून. मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. टोपीच्या पट्ट्याचा वळ हनुवटीवर उठला होता. कवळी खिशात असणार, ओठ आत गेले होते.

"शिंदखेडाना पोरे आठे शिकतस का?"

बाजूचा एक मजूर हसला. नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "नानाले तूच सांगं?"

"मीच."

"कितला सांगात?"

"आठ."

त्याने लिंबाखालच्या टोप्या मोजल्या. मग म्हणाला, "आम्ही नऊ व्हतूत."

"तुम्ही पानी झटकी राहिंथात. मी तुमले वाजाडनारामा धरं."

"कोरडाच व्हता भोंगा," तो म्हणाला. "सवय."

तेवढ्यात दिराचा माणूस आला. दुसऱ्या दिवशी भुसावळला लग्न होतं, सगळ्यांनी टेम्पोत बसा म्हणाला. एवढं होऊनही. आणि माझा नवरा उठला. टोपी उचलली आणि टेम्पोकडे चालायला लागला. मी म्हटलं, अहो, कुठे निघालात. तो म्हणाला, "उभाच तं ऱ्हानं शे."

मी त्याच्या आधी टेम्पोत चढले आणि फळीवर बसले. मजूर एकमेकांकडे बघायला लागले. दिराच्या माणसाने विचारलं, "अक्का, तुम्ही कुठे?"

"भुसावळले. जठे जठे हाऊ एकवीसमा उभा ऱ्हाई, तठे तठे मी येसू. आज आठ सांगात. सकाय नऊ सांगसू."

तो माणूस दिराकडे पळाला. दीर स्वतः आला नाही. निरोप आला, मोठ्या भाऊंना उतरवा. नवरा अजून चढलाही नव्हता. मी उतरले. त्याने कोट काढून फळीवर टाकला आणि भोंगा त्यावर ठेवला, कळा वर करून, जपून.

एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "क्लॅरिनेटवाला अर्धा सूर खाले वाजाडी राहिंथा. ऐकं का तू?"

"ऐकं."

"अनि तो ढोलवाला, तो नुसता पयी राहिंथा. उस्तादनी त्याना बोटे मोडी टाका असतात."

पारोळ्यापर्यंत तो त्या बारा जणांच्या चुका सांगत होता, बोटं समोरच्या सीटच्या दांडीवर चालत होती. सगळं बरोबर सांगत होता. मी ऐकत होते आणि माझा राग तसूभरही उतरत नव्हता.