नाडीला टांगलेल्या ट्यूबलाईट

आमच्या खोलीतली रोपं महिना-सव्वा महिन्यात तयार होऊन गावोगाव निघून जातात, किस्से मात्र तिथंच मुक्कामाला राहतात. कोणी चहाला आलं की एक सांगायचा, तो सांगता सांगता दुसरा आठवतो, आणि चहा थंड होतो. परवा रत्नमाला म्हणाली, "ताई, हे कोठीतरी लिहून ठेवा. तुमी दरवेळी थोडं वाढवून सांगता."

मी वाढवून सांगत नाही. पण लिहून ठेवते.

खोली म्हणजे आंबागडाजवळच्या आमच्या गावातल्या शाळेची. पटसंख्या घटली, शाळा बंद पडली, फळा आणि गुरुजींचं टेबल तेवढं राहिलं. मिरची, वांगी, टमाटरची रोपं करायला ग्रामपंचायतीनं ती आम्हा बायांना दिली. मे महिन्यात बाहेर वाफ्यात बी टाकलं तर उन्हानं करपतं, पावसात टाकलं तर कुजतं, आणि यातून वाचलं तर माकडं आहेतच. म्हणून आत, लाईटखाली. गावात तिचं नाव 'लाईटवाली खोली'.

आम्ही मुख्य तिघी. मी सुनंदा, बोलायचं काम माझं. रत्नमाला, आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेली गावातली पहिली मुलगी, विजेचं सगळं तिच्याकडे. आणि साठी ओलांडलेल्या पार्वताबाई.

पार्वताबाईंचा हात साऱ्या गावाला माहीत. श्रावणात आमच्याकडे भुजली पेरतात. टोपलीत गहू टाकायचा, अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून वाढवायचा आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, न्यायचा. जिची भुजली जास्त उंच आणि जास्त पिवळी, तिचा हात चांगला. पार्वताबाईंची दरवर्षी वीतभर, हळदीसारखी. त्यांना खोलीत बोलवायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "येते मी. पण आताच सांगून ठेवते, माह्या हातचं आजवर वाया गेलं नाही. ज्या दिवशी काही वाया गेलं, त्या दिवसापासून मी तुमच्या खोलीत पाय नाही ठेवणार."

आम्ही दोघी हसलो. त्या हसल्या नाहीत.

*

रत्नमालानं पहिल्याच वर्षी छताला सहा ट्यूबलाईट बसवल्या. एका रेषेत, वायर पट्टीच्या आत, एकही लोंबती नाही. सरपंचबाई येऊन फोटो काढून गेल्या.

आठ दिवसांत टमाटरची रोपं दोऱ्यासारखी वर निघाली. पांढरट देठ, टोकाला दोन पानं, फुंकर मारली की आडवी. आम्हाला वाटलं पाणी कमी पडलं. पाणी वाढवलं, तर ती आणखी लांबली. पार्वताबाई मात्र खूश. "वाढून त राहिले ना? मंग रडता कायले?"

मी तालुक्याला जाऊन एका जुन्या रोपवाटिकावाल्याला विचारून आले. तो म्हणाला, लाईट दूर असली की रोप तिच्या मागं धावतं, आणि धावता धावता दम जातो. लाईट त्याच्या डोक्यावर आणा.

हे रत्नमालाला सांगायचं म्हणजे संकट. तिनं ऐकलं, छताकडं पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ताई, माह्या फिटिंगमंधी काय खराबी हाय?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "पण आपले टमाटर छतावर राहत नाहीत."

*

लाईट खाली आणायच्या, आणि रोपं वाढतील तशा परत वर न्यायच्या. साखळ्या आणायला कोणी शहरात जाणार नव्हतं. पार्वताबाईंनी घरून परकराच्या नाड्यांचा गुंडाळा आणला, सरकती गाठ मारली. ओढली की लाईट वर, सोडली की खाली. इतकं बरोबर काम आमच्या पाण्याच्या पंपानंही कधी केलं नाही.

सरपंचबाई पुन्हा फोटो काढायला आल्या आणि दारातच थांबल्या. "हे कायच्या दोऱ्या टांगल्या?"

"नाड्या हायेत," पार्वताबाई म्हणाल्या. "धुतलेल्या. काढा फोटो."

*

लाईट रोपापासून किती वर? चार बोटं. पण बोटं कोणाची? पार्वताबाईंची चार म्हणजे रत्नमालाची सहा. एका ट्रेवर एक उंची, दुसऱ्यावर दुसरी. शेवटी चहाचा काचेचा ग्लास ठरला. रोपाच्या टोकावर ग्लास धरायचा, तो ट्यूबला टेकला की उंची बरोबर.

नाकाडोंगरीचे हंसराजभाऊ आमच्याकडून मिरचीची रोपं नेतात. बोलणं कमी, पण बोलले की नेम बरोबर. एका सकाळी ते आले तेव्हा आम्ही तिघी तीन ट्रेवर ग्लास घेऊन वाकलेल्या.

"झाडायले चहा पाजून राहिल्या का वो?"

पार्वताबाईंनी मान वर न करता सांगितलं, "तुमालेई देतो. आधी त्यायचं होऊ द्या."

*

रत्नमालाचं म्हणणं, लाईट जेवढी जास्त तेवढी वाढ जास्त. म्हणून तिनं चार दिवस लाईट बंदच केली नाही. पार्वताबाई तिला म्हणाल्या, "तू झोपतेस का नाही?"

"झोपते ना, मावशी."

"मंग त्यायनं काय पाप केलं?"

तेव्हापासून पहाटे साडेपाचला लाईट लागते आणि पार्वताबाईंची सिरियल सुरू व्हायच्या आधी, बरोबर रात्री नऊला, बंद होते. टायमर घ्यायची गरज आम्हाला अजून पडलेली नाही.

*

फॅनचा किस्सा मी कितीही वेळा सांगू शकते.

बंद खोलीत रोपाला वारा लागत नाही, आणि वारा न लागलेलं रोप जन्मभर लाडकं राहतं. थोडं हललं, डोललं की त्याचा देठ जाड होतो. म्हणून खोलीत एक उभा फॅन, तोंड रोपांकडं. पार्वताबाई त्यावर भरवसा न ठेवता रोज दोनदा सगळ्या रोपांवरून हात फिरवायच्या, नातवाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

मे महिन्याच्या भर दुपारी कोणी एक साहेब पाहणीला आले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेबांनी बोलता बोलता फॅनची मान आपल्याकडं वळवली. पार्वताबाई उठल्या, मान परत रोपांकडं वळवली आणि बसल्या. साहेबांना वाटलं, चुकून झालं. त्यांनी पुन्हा वळवली. पार्वताबाई पुन्हा उठल्या.

तिसऱ्या वेळी साहेब जरा रागानं म्हणाले, "बाई, माणसापेक्षा झाड मोठं का?"

"नाही जी," पार्वताबाई म्हणाल्या, "पण तुमची मान मजबूत हाय. या रोपायची अजून व्हायची हाय."

साहेबांनी पाहणी व्हरांड्यात बसून पूर्ण केली. शेरा चांगला दिला, हे सांगायला पाहिजे.

*

आता हा किस्सा हसायचा नाही, पण तो गाळला तर पुढचं समजणार नाही.

मागच्या वर्षी भाचीच्या बाळंतपणासाठी मी सहा दिवस भंडाऱ्याला गेले. रत्नमाला लायसन्सच्या परीक्षेला बाहेरगावी होती. खोलीची चावी पार्वताबाईंकडे. हंसराजभाऊंची मिरची नुकतीच उगवली होती, तीस ट्रे.

परत आले ती सरळ खोलीवर. हंसराजभाऊही आपली मिरची पाहायला आलेले. खिडक्या बंद, आत अंधार, ट्रेवर टोपल्या पालथ्या. पार्वताबाईंनी एक एक टोपली हौसेनं उचलली. खाली मिरची. उंच, पिवळी, एकसारखी.

"पाय कशी वाढली," त्या म्हणाल्या. "भुजलीले मागं टाकलं."

हंसराजभाऊंनी एक रोप बोटावर घेतलं. ते बोटावरच आडवं झालं.

माझा तोल गेला. मी बोलण्यात तिखट आहे हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी मी फार बोलले. सगळ्यांसमोर म्हटलं, "भुजली कराले ठेवलं होतं का तुमाले? तीस ट्रेचं मातेरं केलं तुमच्या हातानं."

पार्वताबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या हाताकडं पाहिलं. कमरेची चावी काढून गुरुजींच्या टेबलावर ठेवली आणि चपला घालून निघून गेल्या.

संध्याकाळी शेजारणीकडून कळलं. मी गेले त्याच दिवशी वादळात लाईनचा खांब पडला आणि गावात पाच दिवस वीज नव्हती; ती मी परतले त्याच दुपारी आली. खिडक्या उघडल्या तर गरम वारा, बाहेर काढलं तर माकडं. एकट्या बाईनं, तिच्या हाताला जे ठाऊक होतं, ते केलं. दिवसातून तीनदा बोडीवरून पाणी आणून शिंपडलं. हे सगळं विचारायच्या आधी मी बोलून बसले होते. मला त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. सून म्हणाली, "आई शेतात गेल्या." तिसऱ्या दिवशीही शेतातच होत्या. मग मी त्यांची चावी फळ्याखालच्या खिळ्याला अडकवली; दुसरी माझ्याकडं होतीच. तिला कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं.

*

उरलेल्या बियांतून मी आणि रत्नमालानं पुन्हा मिरची टाकली. उगवल्याबरोबर झाकण काढलं, लाईट ग्लासभर उंचीवर, फॅन चालू, पाणी ट्रेच्या खालून. हात फिरवायचं काम मी करायची. हंसराजभाऊ न्यायला आले तेव्हा त्यांनी तळहात ट्रेवर ठेवून रोपं सपाट दाबली आणि सोडली. सगळी परत उभी.

"जमलं," ते म्हणाले. मग खोलीभर नजर फिरवून विचारलं, "अन् पार्वताबाई?"

रत्नमालानं खिळ्यावरच्या चावीकडं बोट दाखवलं.

त्याच सुमारास खोलीतल्या वस्तू गायब व्हायला लागल्या. एक ट्यूबलाईट गेली. दोन नाड्या गेल्या. आठवड्यानं चहाचा ग्लास गेला. मी रत्नमालाला धरलं.

"उंदरानं नेलं असन, ताई."

"उंदीर ट्यूबलाईट नेतो?"

तिनं थोडा विचार केला. "मोठा असन."

*

राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजली बोडीवर निघाली. ढोलकी, बाया, डोक्यावर टोपल्या. पार्वताबाईंची टोपली नेहमीसारखी सगळ्यांत पुढं, नेहमीसारखी वीतभर आणि हळदीसारखी पिवळी. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

आमच्याकडची रीत अशी की भुजली पाण्यात धुवायची आणि तिच्या दोन-दोन काड्या एकमेकींच्या कानावर खोवून रामराम घ्यायचा. वर्षभर जिच्याशी बोलणं नाही, तिलाही. मी काठावर उभी राहिले. त्यांनी मला वगळलं असतं, तर गावानं ते वर्षभर लक्षात ठेवलं असतं आणि मी जन्मभर.

पार्वताबाई एकेकीला काड्या देत देत आल्या. माझ्यासमोर थांबल्या. टोपलीत हात घातलाच नाही. पदराची गाठ सोडली, आतून ओलं फडकं काढलं, ते उलगडलं.

मिरचीचं रोप. चार बोटं उंच, देठ जाड, पानं काळपट हिरवी, मुळाला मातीचा गोळा. त्यांनी ते मातीसकट माझ्या कानावर खोवलं. माती मानेवरून ब्लाउजमध्ये गेली.

"वाकवून पाय," त्या म्हणाल्या.

मी दोन बोटांनी दाबलं. सोडलं की परत सरळ. बायांची ढोलकी थांबली होती. बोडीच्या पाळीवर रत्नमाला आपल्या गाडीचा प्लग काढून पाहत होती. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

मी पार्वताबाईंच्या पाया पडले. उठले तेव्हा त्या रिकामं फडकं पिळत होत्या.

"उद्या खोली किती वाजता उघडतेस?" त्यांनी विचारलं.

"चावी खिळ्यालेच हाय, बाई," मी म्हटलं.