भावाच्या दारात तीन शेळ्या

त्या दिवशी भावाच्या अंगनात आमी सहा जन होतो. माझा थोरला भाऊ, वैनी, शेजारची म्हातारी, माझे मालक, टेम्पोवाला आन मी.

भाऊ आन मी अकरा वर्सं बोललो न्हवतो. बापाच्या रानातला माझा हिस्सा सोडायचा कागद त्यानं दुसऱ्याच्या हाती धाडला. मी म्हनलं, सोता येऊन माग, आंगठा देते. तो आला न्हाई. मीबी गेले न्हाई.

मंग एका रविवारी चर्चमधी पाळकसाहेबांनी शास्त्रातली गोष्ट सांगितली. धाकट्यानं थोरल्या भावाला फसवलं आन पळून गेला. लई वर्सांनी माघारी येताना त्यानं आदी शेळ्या-मेंढ्या पुढं धाडल्या, आन आपन मागून गेला. थोरला पळत आला, गळ्यात पडला. माझ्याकडं तीन शेळ्या हुत्या. मी म्हनलं, जमतंय.

दोन शेळ्या मालकासंगं टेम्पोत पुढं धाडल्या. तिसरी गाभन, ती घेऊन मी मागून आमच्या नेकनूरहून चालत गेले. तोच कागद, आंगठा उठवून, कनवटीला.

भाऊ म्हनला, "काय गं, माझ्या दारात बाजार भरवतीस का?"

म्हातारी हसली. मलाबी बरं वाटलं, थट्टा केली म्हनून.

"दादा, तुझ्यासाठी आनल्यात."

"बहिनीचं खाऊ का मी? गाव थुंकंल तोंडावर."

"शास्त्रात घेतलंय की थोरल्यानं."

"ते दोघं भाऊ व्हते बाई. तू बहीन हायस."

ह्याचा इचार मी केलाच न्हवता. पन शास्त्रातलाबी आदी नगं म्हनलता, धाकट्यानं गळ घातली तवा घेतलं. मीबी गळ घातली. पाया पडले.

वैनी म्हनली, "घ्या की ओ, एवढं चालत आल्यात."

मी कनवटीचा कागद काढला, तेवढा त्यानं घेतला. घडी घालून खिशात ठिवला. मंग घरातून साडी आनून माझ्या हातावर ठिवली, सासरी जानाऱ्या लेकीची बोळवन करत्यात तशी.

"झालं. आता येऊ नको."

तिन्ही शेळ्या टेम्पोत घालून माघारी आनल्या.

औंदा भाऊ गेला. मातीचा सांगावा मला कुनी धाडला न्हाई. चार दिसांनी बाजारात कळलं. भाजी घेतली, घरी आले, सैपाक केला.

वाचनारांनो, बहिनीनं दारात काई आनलं तर घ्या. मागनं कुनालाबी देऊन टाका. पन तिच्यासमोर घ्या.