म्हाताऱ्या उंदरांचा खुराक

"आमची मुलगी कोलशेतला म्हाताऱ्या उंदरांना खुराक घालते," असं बाबा सगळ्यांना सांगायचे. प्रयोगशाळेतल्या माझ्या कामाचं रीतसर वर्णन मी त्यांना कितीदा तरी करून दिलं होतं. पण डोंबिवलीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या त्या माणसाला चेष्टेची संधी सोडवायची नाही. "एवढं शिकलीस आणि शेवटी डोंगर पोखरून उंदीरच काढलास ना!" हे वाक्य प्रत्येक पाहुण्यासमोर व्हायचं आणि मी चिडायचे. पुढे तेच वाक्य एकाच पाहुण्यासमोर, एकाच चहात दोनदा व्हायला लागलं, तेव्हा माझं चिडणं थांबलं.

खुराक म्हणजे रोजच्या खाद्यात मिसळलेली पूड. त्यात काही जीवनसत्त्वं, माशाचं तेल, हळदीचा अर्क. दोन वर्षांचा उंदीर म्हणजे आजोबाच. त्याचा मेंदू थकतो, शिकवलेलं विसरतो. आम्ही त्याला दुधी रंगाच्या पाण्याच्या टाकीत सोडतो. पाण्याखाली एक छोटासा पाट ठेवलेला असतो. त्याची जागा लक्षात ठेवायची आणि पोहत जाऊन त्यावर चढायचं, एवढीच परीक्षा. साधं खाद्य खाल्लेले म्हातारे टाकीच्या कडेकडेने गोल फिरत राहिले. पूड खाल्लेले सरळ पाटाकडे गेले. मला नाचावंसं वाटलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी डोंबिवलीला गेले आणि जेवताना बोलून गेले, "बाबा, आमचे म्हातारे तरुण झाले!"

शोधनिबंधात असलं वाक्य मी मेले तरी लिहिणार नाही. घरी जीभ सैल सुटते. आई वाढता वाढता थांबली. त्याच आठवड्यात बाबा बाजारातून घरी यायचा रस्ता चुकले होते आणि शेजाऱ्यांनी त्यांना हाताला धरून आणलं होतं. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "मला देशील ती पूड?"

ही चेष्टा नव्हती.

मी समजावलं. उंदरांचं माणसांना तसंच्या तसं लागू होत नाही, तपासायला वर्षं जातात, मात्रा चुकली तर भलतंच काही व्हायचं. त्यांचे डॉक्टरही तेच म्हणाले. बाबांनी सगळं एखाद्या सिद्धतेसारखं पायरीपायरीने ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि ते हुशार झालेले उंदीर? त्यांचं पुढे काय होतं?"

"त्यांचा मेंदू तपासावा लागतो, बाबा." प्रयोगशाळेत आम्ही मारणं म्हणत नाही, सॅक्रिफाइस म्हणतो. घरी मला तो शब्द उच्चारवेना.

"म्हणजे आठवण परत आली आणि पाठोपाठ हे गेले!" ते हसले. "मग मी साध्या खाद्याच्या गटातच बरा."

त्यानंतर त्यांनी पूड कधी मागितली नाही. आईने मात्र कंबर कसली. मेडिकलमधून बुद्धिवर्धक गोळ्या आल्या, ब्राह्मीचं सरबत झालं, रोज बदाम भिजायला लागले. "आई, हे पालथ्या घड्यावर पाणी आहे गं," असं मी एकदा म्हणाले. ती फाडकन म्हणाली, "तुझा उंदीर पिंजऱ्यात असतो. माझा घडा माझ्या शेजारी झोपतो, आणि मला तो पालथा दिसत नाही." मी बरोबर होते, आजही बरोबरच आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. चुकले असते तर बरं झालं असतं.

यंदा आई आम्हा दोघांना गणपतीच्या देवळात घेऊन गेली. गाभाऱ्यासमोर पितळेचा उंदीर आहे. त्याच्या एका कानावर हात ठेवायचा आणि दुसऱ्या कानात इच्छा सांगायची. कान झाकला नाही तर इच्छा इकडून शिरून तिकडून निघून जाते म्हणतात. आई डोळे मिटून बराच वेळ पुटपुटली. मग तिने बाबांना पुढे केलं. देवाकडे कधी काही न मागितलेले बाबा वाकले, त्यांनी कान झाकला आणि तसेच थांबले. मागे रांग खोळंबली.

"काय मागायचं असतं?" त्यांनी वळून मला विचारलं.

"तुमच्यासाठी मागा ना, बाबा. तुम्हाला हवं ते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कोण ते त्यांना आठवतंय की नाही, मला कळेना. तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला. ते पुन्हा वाकले आणि वर्गात बोलायचे तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्या मुलीची पूड उंदरांना लागू पडू दे."

रांगेत कोणीतरी हसलं. आईने माझा हात घट्ट धरला. उंदरांना ती केव्हाच लागू पडली होती.