कमर्शियल चालेल

दुपारचं जेवण अंगावर आलंय. प्लायचे दोन नमुने उशाशी ठेवून मी आडवी होते, डोळा लागेपर्यंत ठरवू कुठला घ्यायचा ते. नेमबाजीच्या रेंजवर रायफल टेकवून नेम तपासायला बेंच करायचाय, घडीचा, गाडीत मावणारा. पापण्या मिटतात तोच कुणीतरी उशाजवळच्या प्लायवर टकटक करतं.

"साधा कमर्शियल प्लाय घे की. चालेल."

आमचे हे. रंगराव. श्रावणात गेले. आणि मेल्यावरही तोंडात पहिला शब्द काय, तर चालेल!

"मागचा कमर्शियलचाच केला होता तुम्ही. रेंजवरच्या दवानं फुगला आणि डुगडुगायला लागला. बेंच चालून कसं चालेल हो? त्यानं जागच्या जागी बसायला पायजे."

हे हसतात. आम्ही प्लायच्या दुकानात उभे आहोत, दुकानदार कुठं दिसत नाही. मी एकेका शीटची कड बघते, थरांत पोकळी नाही ना.

"मरीनच घेणार मी, पाण्यानं न फुगणारा. जाड."

"जड हुईल. एकटीनं उचलायचाय तुला."

"मग जायचं नव्हतं."

बोलून जाते. समोरचं शीट सारते तर ते दारासारखं उघडतं, आणि पलीकडं आमचं स्वयंपाकघर. ओट्याला टेकून हे छाती चोळतायत.

"चला डॉक्टरकडं," मी म्हणते.

"पित्त असंल. सोडा घेतो, चालेल."

"नाही चालत! तवाबी घसा फोडून सांगितलं तुम्हाला. जन्मभर एकच रड. गळका नळ चालेल, फुगलेला प्लाय चालेल, छातीत कळ आली तरी चालेल!"

"हेमे, आता भांडून काय उपेग?"

"मग कुणाशी भांडू? कोण ठेवलंय तुम्ही मला?"

ओट्यावरच माझी रायफल टेकलेली आहे, खिडकीबाहेर लांबवर टार्गेट दिसतंय. ओटा मात्र जराही हलत नाही. हे माझ्या मागं येऊन उभे राहतात, रेंजवर राहायचे तसे. मागं वळले तर जातील, म्हणून मी वळत नाही.

"एक विचारू? मी ही अशी. तुमच्याबिगर. चालेल?"

एकदा, फक्त एकदा या माणसानं नाही म्हणावं.

"चालवून घे," हे म्हणतात.

चालवून घे! मी संतापानं ओट्यावर हात आपटते.

जाग येते. ऊन भिंतीवर चढलंय. हात प्लायच्या तुकड्यावर आपटलाय आणि तळव्यात कुसळ घुसलंय, चांगलं खोल. सुई आणते, उजेडात बसते. उजव्या हातातलं कुसळ, आणि डाव्या हातात सुई धरली की ती भलतीकडंच टोचते. माझ्या हातातली कुसळं हे काढायचे. मी सुई खाली ठेवते आणि शिव्या घालत रडते.