उरवून ठेवलेल्या दहा गोळ्या

सातवी झाली आणि माझी शाळा सुटली. तरी वाचता येतं, लिहिता येतं, मोजता तर चांगलंच येतं. म्हणूनच ही गोष्ट जास्त टोचते.

लग्नानंतर आम्ही गोंडपिपरीकडून सूरजागडच्या डोंगरपायथ्याशी आलो. नवरा खनिजाच्या ट्रकवर, चार-चार दिवस बाहेर. माहेर इतकं लांब की मुलीला साधी शिंक आली तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं. भिंतीपलीकडे एक माडिया आदिवासी बाई राहायची. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं, मराठी मोडकंतोडकं. पण माझ्या दीड वर्षाच्या मुलीला जुलाब लागले तेव्हा मी नुसती रडत बसले, आणि मुलीला पाठीशी बांधून चिखलातून आरोग्य उपकेंद्रापर्यंत चालत गेली ती तीच; मी तिच्या मागून.

नर्सबाईंनी मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं दिली आणि झिंकच्या चौदा गोळ्या. "रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून. चौदा दिवस. समजलं ना?"

"समजलं," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी जुलाब थांबले. मुलगी पेज मागू लागली. गोळीचं पाणी मात्र तोंड वाकडं करून थुंकायची. बऱ्या लेकराला औषध कशाला, म्हणून उरलेल्या दहा मी ठेवून दिल्या. आमच्या घरी कुठलीच वस्तू पुरती संपवत नसत. सुकी मासळी, बियाणं, तापाची गोळीसुद्धा अर्धी पुढच्या खेपेला. पट्टी हळदीच्या डब्यात मावेना, तर गोळ्या फोडून मोकळ्याच टाकल्या.

तीन आठवड्यांनी शेजारणीच्या मुलाला तेच झालं. नाल्याला पूर, पलीकडे जायला वाट नाही. ती दारात आली.

"बाई, ते गोळी हाय का तुझ्याजवळ? एकच दे."

डबा माझ्या पाठीमागच्या फळीवर होता. पूर कधी उतरेल, माझ्या मुलीला परत झालं तर, इथं माझं कोण आहे, सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं.

"संपल्या वो," मी म्हणाले.

"असू दे. तू भिऊ नको," तिनं उलट मलाच धीर दिला. "मी पेज पाजतो त्याले, मीठ घालून."

पूर उतरायला दोन दिवस लागले. भिंतीपलीकडचं रडणं बारीक होत गेलं. मी इकडे माझ्या मुलीला घास भरवत होते.

तिसऱ्या दिवशी माझ्याही मुलीला जुलाब सुरू झाले. डबा उघडला, तर ओलीनं गोळ्यांचा पिवळा चिखल झालेला.

दोघी मिळूनच उपकेंद्रात गेलो. तिचं पोर डोळे खोल गेलेलं, मान टाकलेलं. त्याला आतल्या खोलीत घेतलं, तीही आत गेली. तो पाणी प्यायला लागल्यावर नर्सबाई बाहेर माझ्याकडे आल्या.

"चौदा देल्ल्या होत्या ना मी तुले? किती पाजल्या?"

"चार."

"आन् बाकीच्या?"

"खराब झाल्या."

"जुलाब थांबले म्हणजे आतडं सुधरलं असं नाई वो बाई. आतून सोलून निघते ते. भरून यायले झिंक लागते, आन् जुलाबात तेच वाहून जाते. चौदा का मी हौसेनं सांगतलं? सातवी शिकली ना तू?"

मला राग आला. हे पहिल्यांदाच का नाही सांगितलं? पण नर्सबाईंवर कितीही चिडले तरी 'संपल्या' हा शब्द माझाच होता.

नर्सबाईंनी दोघींनाही चौदा-चौदा गोळ्या दिल्या. घरी आल्यावर शेजारणीनं कोळसा माझ्या हातात दिला. "तू शिकली हाय. चौदा रेघा मार माझ्या भिंतीवर." मी मारल्या. रोज सकाळी ती एक रेघ पुसायची आणि भिंतीपलीकडून ओरडायची, "बाई, दिली का आजची?" तिच्या त्या हाकेनंच माझ्या मुलीच्याही चौदा पुऱ्या झाल्या.

दोन्ही लेकरं आता अंगणवाडीत जातात. वस्तीत कोणाचं मूल आजारी पडलं की शेजारीण त्या पुराची गोष्ट सांगते, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "या बाईजवळ त्या दिवशी एक जरी गोळी असती ना, तर हिनं देली असती."

मी होकाराची मान हलवते.