शनिवारचा मोकळा बैल

त्या दिवसांत मला प्रार्थना करवत नव्हती. साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. आम्ही वेंगुर्ल्याला राहत होतो. ह्यांना विषमज्वर झाला होता. एकदा उतरलेला ताप फिरून चढला, आणि डॉक्टर म्हणाले की औषध चालू आहे, आता शरीर कशी साथ देतं ते बघायचं. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसले ती तिथलीच झाले. मनोमन खात्री होती, माझा डोळा लागला की हे जातील. कपाळावरची पट्टी मीच बदलायची, पेजेचं पाणी मीच भरवायचं. ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद, कट्टा गावाहून मदतीला आली होती, पण तिलाही मी ह्यांना हात लावू देत नव्हते. बिचारी स्वयंपाकघरात तोंड मिटून वावरायची. देवाला मी एवढंच म्हणे, तू असशील तर बघ, नसशील तर मी आहेच. आता हसू येतं, पण तेव्हा अगदी गंभीरपणे म्हणत असे.

त्या रविवारी आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत एक पाहुणे आले होते. बांधकाम खात्यात नव्याने आलेल्या ओव्हरसिअरचे वडील, अलिबागकडचे बेने इस्राएल. दुपारच्या उपासनेत यहुदी लोकांची शिकवण आम्हाला सांगा, म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना गळ घातली होती. ‘रब्बी येणार’ म्हणून बायकांनी हौसेने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि कोळंबीचं कालवण रांधलं. आमच्या किनाऱ्यावर याहून मोठा मान कुणाला देत नाहीत. पानं मांडल्यावर कळलं की पाहुण्यांना यातलं काहीच चालत नाही. पर आणि खवले असतील तोच मासा त्यांना खाता येतो. हा नियम आमच्याही पवित्र शास्त्रात आहे, पण ती पानं आम्ही सगळे भराभर उलटून पुढे जायचो. पाळकीणबाई घामाघूम होऊन आमच्या दारात आल्या. आमच्याकडे नेमकी तांबोशाची आमटी होती, चांगल्या खवल्यांच्या माशाची.

नणंदेने भांडं माझ्या हातात दिलं. “तूच घेवन जा गो. त्या मोठ्या लोकांसमोर माका बोलाक येवचा नाय. मी बसतंय हयसर.” तिला बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही, तिने मला युक्तीने घराबाहेर काढलं. हे पाळकीणबाईंना दिसत होतं, मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

पाहुणे आमटीभात जेवले, आणि मी निघणार तोच उपासनेची घंटा झाली. पाच मिनिटं ऐकून जावं म्हणून मागच्या बाकावर टेकले. पाळकसाहेबांनी रब्बी म्हणून ओळख करून दिली, तर ते म्हणाले, “रब्बी फार शिकलेले असतात. मी आपला हजान, आमच्या मंदिरात प्रार्थना म्हणणारा.” मग त्यांनी शब्बाथाबद्दल, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाबद्दल सांगितलं. त्यांचे आजोबा तेलाचा घाणा चालवत. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा बंद, बैल मोकळा. त्यावरून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. “गिऱ्हाईक जाईल म्हणून गाव घाबरवायचा,” ते म्हणाले. “आजोबा म्हणत, बैल शनिवारी सोडला की मला दर आठवड्याला नव्याने कळतं, जग मी ओढत नाही.”

ते ऐकून मला रागच आला. बायकांनी उपासनेत बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, तरी मी उभी राहिले. “घरात कुणी मरणाच्या दारात असेल, तर कसली विश्रांती घ्यायची?”

ते जराही दुखावले नाहीत. “अशा वेळी विश्रांती नाहीच, बाई. जीव वाचवायला शब्बाथ मोडायचा, अशीच आम्हाला आज्ञा आहे.” मला जिंकल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “तुमच्याबरोबर घरात आणखी कोण आहे?”

“नणंद आहे.”

“मग ती आज्ञा त्यांनाही आहे. सगळं पुण्य एकट्यानेच का घेता?”

मंडळी हसली. मी खाली बसले आणि मला रडू कोसळलं. हजानसाहेबांनी कुणाचं काय दुखतंय ते विचारलं नाही. त्यांच्या सुनेने मलिदा करून आणला होता, गोड केलेले पोहे, वर ओलं खोबरं आणि खजूर. तो वाटण्याआधी त्यांनी आजाऱ्यासाठी हिब्रू भाषेत प्रार्थना म्हटली. आम्हाला त्यातलं अक्षरही कळलं नाही. शेवटी ‘आमेन’ आलं, ते मात्र आमचंच होतं, आणि सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं. मीसुद्धा म्हटलं.

घरी आले तेव्हा नणंद ह्यांचे पाय चेपत होती. मी म्हटलं, “वन्सं, आता तुम्हीच बसा.” एवढं बोलायला मला किती जड गेलं ते सांगता येत नाही. मी खाटेसमोर चटई टाकली, प्रभू, आता तुझ्यावर सोडते, असं म्हटलं आणि आडवी झाले.

जाग आली ती दिवेलागणीला. ह्यांच्या अंगाला घाम सुटला होता. उशीला टेकून हे बहिणीच्या हातून पेज पीत होते. मी याला चमत्कार म्हणत नाही. औषध चालू होतंच. पण माझ्याकडे बघून हे जे बोलले, ते मी अजून मनात धरून आहे.

“तू अशी टक लावन बसतंस ना, तेव्हा माका वाटता, आता माझा काय खरा नाय. आज तुका निजलेली बघलंय आणि म्हटलंय, म्हणजे मी जगतलंय.”

नणंदेने दुसरी वाटी भरून माझ्यापुढे केली. मी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून म्हटलं, प्रभू, तुझे आभार.