पत्त्याच्या रकान्यात व्हॅगाबाँड

सिक्युरिटीचे जाधव यांनी गेटपासचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात त्यांनी एकच इंग्रजी शब्द लिहिला होता : व्हॅगाबाँड.

फॉर्म लक्ष्मण घिसाड्याचा होता. घिसाडी म्हणजे बैलगाडीत भाता घालून फिरणारा लोहार. पिंपरीत आमच्या कारखान्याचा पाया खणणं चालू होतं. खाली काळा खडक, छिन्न्या दोन दिवसांत बोथट होत. लक्ष्मण त्यांना टोक काढून पाणी देई, म्हणजे लाल लोखंड पाण्यात बुडवून कडक करी. मी टाइम ऑफिसात, पास देणं माझ्याकडे. पास नाही तर त्याची गाडी शनिवारी कुंपणाबाहेर.

शब्दाचा अर्थ मी जाधवांना विचारला.

"उनाड. चोर. आणखी काय?"

मी डिक्शनरी काढली. शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. मुळात अर्थ एवढाच, भटकणारा. पुढे विलायतेत कामाशिवाय गावोगाव फिरणं हाच गुन्हा ठरला, तेव्हा त्याला बदनामी चिकटली. मॅनेजरसाहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठीक आहे. पण पत्ता कुठाय?"

मी लक्ष्मणच्या पालावर गेलो. तो सांडशीत छिन्नी धरून बसला होता, बायको गंगूबाई घण मारत होती. घण खाली ठेवून तीच बोलली.

"भटकतंय कोण, भाऊ? आमचा फेरा हाय. मिरगाच्या आदी चाकणचं फाळ, सुगीला तळेगावचं इळं. एक साल चुकलो तर पाटील शिव्या देत्यात. इचारा जा."

मी यादी केली : गाव, महिना, पाटलाचं नाव. नऊ गावं झाली. दोन पाटलांनी चिठ्ठ्या दिल्या. साहेबांनी पासावर सही केली. पत्त्याच्या जागी मी लिहिलं, 'सोबतची यादी पाहा', आणि फाईल बंद केली.

वैशाख संपता संपता एका सोमवारी पालाच्या जागी राख उरली होती. चार दिवसांत सगळ्या छिन्न्या बोथट झाल्या. इंजिनिअर ओरडले. जाधव म्हणाले, "गेला ना तुमचा पत्तेवाला?"

मी फाईल उघडली. तिसरी ओळ, माझ्याच अक्षरात : वैशाखअखेर, चाकण.

त्याच दुपारी छिन्न्या ट्रकने चाकणला गेल्या. लक्ष्मण वेशीजवळ फाळ ठोकत होता. गावचं काम उरकेपर्यंत आमच्या छिन्न्या थांबल्या, आणि पुढचा आठवडाभर खडक फुटला नाही. साहेबांनी दोष कुणाचा विचारलं. मी माझं नाव सांगितलं.

लोक यादी करतात आणि काम झालं समजतात. ती वाचायलाही माणूस नेमावा लागतो.